मुंबई ते निलगिरी, स्वतःच्या गाडीने: सह्याद्रीतली राष्ट्रीय उद्यानं जोडणारा मार्ग कसा आखावा?

मुलुंड_पूर्व
डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मुलुंडहून निघायचं आहे, हातात बारा दिवस. चौघं जण, त्यातले एक ६८ वर्षांचे. गाडी चालवणारे दोघे. गाडी १.२ लिटर पेट्रोल, कंपनीचा सीएनजी, मॅन्युअल गिअर. चांदोली, काळी (दांडेली-अणशी), कुद्रेमुख, नागरहोळे, बंडीपूर, मुदुमलाई, उटी आणि शेवटी मुन्नारचं एरविकुलम अशी यादी आहे. नकाशावर सगळं एका रेषेत दिसतं. रोज ३०० किलोमीटर धरले तर जमेल का? परवाने, मुक्काम आणि गाडीची तयारी, तिन्हींबद्दल लिहा.

शेकरू
रोजचे किलोमीटर हा हिशेब इथे चालत नाही. या मार्गावर दिवस ठरवतं ते फाटक. कोणतं कधी उघडतं, कधी बंद होतं, कुठे चिठ्ठी लागते, कुठे आधी नोंदणी, हे आधी कागदावर मांडा आणि मग त्यात अंतरं बसवा.

नागरहोळेतून जाणारा कुट्टा-हुणसूर रस्ता संध्याकाळी ६ ते सकाळी ६ बंद असतो. बंडीपुरातून जाणारे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे गुंडलुपेटहून सुलतान बथेरीकडे जाणारा ७६६ आणि उटीकडे जाणारा १८१, रात्री ९ ते सकाळी ६ बंद. ही बंदी २००९ पासून आहे आणि रुग्णवाहिका व मोजक्या बस सोडल्या तर कोणालाही सूट नाही. नऊला पाच मिनिटं असताना नाक्यावर पोचायचा बेत करू नका. आत शिरल्यावर रस्त्यावर हत्ती उभा असला तर तो हलेपर्यंत थांबावंच लागतं. या पट्ट्यात संध्याकाळी साडेपाचनंतर गाडी रस्त्यावर नसेल असंच नियोजन हवं.

आता यादी. जायला १३ दिवस आणि मुन्नारहून परत यायला ३, असे सगळं धरून १६ दिवस होतात. बारा दिवसांत बसवायला गेलात तर प्रत्येक उद्यानाचं फक्त फाटक बघाल.

घाटपायथा
शेकरूंशी सहमत. माझं मत स्पष्ट आहे: मुन्नार काढा आणि चांदोलीही काढा.

मुन्नार अशासाठी की उटीहून तिथे जायला कोटगिरी, मेट्टुपालयम, कोइमतूर, पोल्लाची, उडुमलपेट, मरयूर असा आठ तासांचा अख्खा दिवस जातो. तेवढंच परतीचं अंतर वाढतं. एरविकुलम छोटं आहे, ९७ चौरस किलोमीटर, आणि पर्यटकांना त्यातला राजमलाचा भाग वनखात्याच्या बसने बघता येतो. निलगिरी ताहर (डोंगरी रानबकरे) अगदी जवळून दिसतात, अनमुडीचा २,६९५ मीटरचा माथा समोर असतो. ते बघायलाच हवं. पण त्यासाठी कोचीपर्यंत रेल्वेने जाऊन वेगळी सहल करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र नको, ताहरांच्या विणीसाठी उद्यान तेव्हा बंद ठेवतात.

चांदोली काढायचं कारण उलटं: ते आपल्या जवळ आहे. मुलुंडहून कराड, पेठ नाका, शिराळा, वारणावती हे साधारण ३८० किलोमीटर. शुक्रवारी रात्री कराडला मुक्काम करून शनिवार-रविवारात नीट होतं. वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. वाघाच्या आशेने जाऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण आणून सोडली असली, तरी चांदोली बघायची ती झोळंबीचे सडे (कातळपठारं), वसंतसागर जलाशयाच्या काठचं रान आणि गवे यांच्यासाठी. बारा दिवसांच्या धावपळीत तिथे अर्धा दिवस घालवणं हा चांदोलीवर अन्याय आहे.

रानजाई
डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम निवडलात. नवे लोक हा धागा वाचतील म्हणून कारण लिहिते. पावसाळ्यात जीपरस्ते आणि बरेच ट्रेक बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस निलगिरीच्या पूर्व उताराला झोडपतो, कुन्नूर-मेट्टुपालयम घाटात दरडी येतात. २४ डिसेंबर ते २ जानेवारी उटीत गाडी लावायला जागा मिळत नाही. जानेवारीच्या मध्यात पोंगलची गर्दी. फेब्रुवारीपासून वणव्याचा काळ, तेव्हा कर्नाटकात ट्रेक बंद करतात. पण नागरहोळेलगतच्या काबिनी जलाशयावर हत्तींचे मोठे कळप बघायचे असतील तर खरा काळ मार्च ते मे, पाणी आटून काठावर गवत उगवतं तेव्हा. सगळं एकाच फेरीत चांगलं मिळेल असा महिना नाही. डिसेंबरात डोंगर आणि रस्ते चांगले, प्राणी मध्यम.

घाटपायथा
चांदोली-मुन्नार वगळून असं बसतं:

पहिला दिवस मुलुंड ते बेळगाव, सुमारे ४८० किलोमीटर. पहाटे पाचच्या आत ऐरोली पूल ओलांडा. पुण्याच्या पुढे खंबाटकी घाटात शनिवारी सकाळी एक ट्रक जरी बंद पडला तरी तास-दीड तास जातो. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाची कामं आहेत. तिथले वळणरस्ते अंधारात नीट दिसत नाहीत, म्हणून तो पट्टा उजेडातच संपवा.

दुसरा दिवस बेळगाव, खानापूर, रामनगर, गणेशगुडी. जेमतेम ९० किलोमीटर. दुपार मोकळी. तिसऱ्या दिवशी सकाळी काळीची सफारी, दुपारी अणशी घाट उतरून कारवार. चौथा दिवस कारवार, उडुपी, कारकळ, कुद्रेमुख, कळसा: ३२० किलोमीटर, पण त्यातले दोनशेहून जास्त किनाऱ्याच्या महामार्गाचे. कारकळ दुपारी दोनच्या आत सोडा. पाचवा दिवस कुद्रेमुख. सहावा कळसा, कोट्टिगेहारा, मुडिगेरे, सकलेशपूर, मडिकेरी, गोणिकोप्पल, कुट्टा: अंतर २४० च्या आसपास, वेळ मात्र सात तास, कारण कॉफीच्या मळ्यांतून सतत वळणं. सातवा दिवस नागरहोळेची सकाळची सफारी आणि मग हुणसूर, म्हैसूर, गुंडलुपेट. आठवा बंडीपूर आणि दुपारी मुदुमलाईलगतची मसिनगुडी. नववा कल्हट्टी घाट चढून उटी. दहावा उटी ते चित्रदुर्ग, अकरावा कोल्हापूर, बारावा मुलुंड.

शेकरू
मार्ग बरोबर, पण यात मोकळा दिवस नाही. एक टायर फाटला, एखाद्याचं पोट बिघडलं की पुढची सगळी नोंदणी कोसळते. सफारी आणि ट्रेकची नोंदणी तारखेची असते, ती पुढे सरकत नाही. म्हणून उटीचा मुक्काम राखीव समजा. सगळं वेळेवर झालं तर उटी करा. एक दिवस गेला तर मसिनगुडीहूनच बंडीपूरमार्गे मागे फिरा. उटीत पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या.

मुलुंड_पूर्व
हे पटलं, चांदोली-मुन्नार काढले. आता परवाने कुठे कुठे लागतात? आणि कल्हट्टी घाटाबद्दल उलटसुलट वाचलं आहे.

पारिजातक
निलगिरी जिल्ह्यात शिरायला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून सुरू झाला. गाडीचा क्रमांक, माणसं, तारखा आणि मुक्कामाचा पत्ता भरून क्यूआर कोड मिळतो, पैसे लागत नाहीत. लोक एक गोष्ट विसरतात: मुदुमलाई आणि मसिनगुडी निलगिरी जिल्ह्यातच येतात. म्हणजे उटीला गेला नाहीत तरी बंडीपूर ओलांडल्यावर कक्कनहळ्ळा नाक्यावर पास दाखवावाच लागेल. तारखेत पुढेमागे एकेक दिवस जास्त धरा. मोबाइलवर चित्र साठवा आणि एक छापील प्रतही ठेवा, नाक्यावर रेंज मिळेलच असं नाही.

त्याच नाक्यावर प्लास्टिक तपासतात. निलगिरीत पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी आहे. प्रत्येकी एक लिटरची स्टीलची बाटली न्या. चिप्सची पाकिटं डब्यात रिकामी करून घ्या.

कल्हट्टी: मसिनगुडी ते उटी ३० किलोमीटर, ३६ हेअरपिन वळणं. बाहेरगावच्या गाड्यांना तिथून वर चढता येतं, उतरता येत नाही. २०१८ मधल्या एका प्राणघातक अपघातानंतर उतरायला बंदी केली. त्यामुळे घाटपायथांनी मार्गाची दिशा बरोबर ठेवली आहे. परतताना उटी, गुडलूर, तेप्पकाडू, बंडीपूर असं या. लांब पडतं, उतार मात्र सौम्य आहे.

सडावाघोली
कुद्रेमुखबद्दल नीट लिहितो, कारण इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, उद्यानातून जाणारा कारकळ-कळसा रस्ता. चौकीवर गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी देतात, पलीकडच्या चौकीवर ती तपासतात. मध्ये गाडी थांबवून धबधब्यात उतरणं, डबे उघडणं हे चालत नाही. वाटेत कुद्रेमुखची जुनी खाण वसाहत लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लोहखनिजाची खाण २००५ अखेर बंद झाली. डोंगरउतारावर खोदलेल्या पायऱ्या रस्त्यावरून आजही दिसतात.

दुसरी, शिखराचा ट्रेक. याचा परवाना कर्नाटक वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी काढावा लागतो, रोजची संख्या मर्यादित असते. शनिवार-रविवार लवकर भरतात. तुमचा पाचवा दिवस बुधवार येतो, हे फार चांगलं. सुरुवात मुळ्ळोडीहून. बाळगलपासून मुळ्ळोडीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता तुमच्या गाडीचा नाही. जमिनीपासूनची उंची पुरत नाही, चढावर चाकं सुट्या दगडांवर फिरतात आणि क्लच जळतो. स्थानिक जीप घ्या. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर चाल. वर मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं. ६८ वर्षांच्या काकांना पहिल्या गवताळ धारेपर्यंत नेऊन परत आणायचं असेल तर ते आधी ठरवा आणि सोबत एक जण ठेवा. शोला म्हणजे काय ते त्या धारेवरूनच कळतं: घळीत ठेचून भरलेलं काळपट हिरवं रान आणि त्याच्या काठापासून एकदम सुरू होणारं उघडं गवत. मध्ये झुडपांचा पट्टासुद्धा नसतो.

डिसेंबरात जळवा कमी असतात, ओढ्यांकाठी असतातच. गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घाला. जळू चिकटली तर ओढू नका. नख तिच्या तोंडाखालून सरकवा, सुटते.

रानजाई
जळवांपेक्षा गोचिडींकडे लक्ष द्या. क्यासनूर जंगल रोग, ज्याला तिथे मंगनकायिले म्हणतात, शिवमोगा, उत्तर कन्नड, चिकमगळूर या जिल्ह्यांत आढळतो. १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. साथ साधारण डिसेंबर ते मे. तुमचे गणेशगुडी आणि कळसा हे दोन्ही मुक्काम याच जिल्ह्यांत आहेत.

करायचं एवढंच: पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या त्वचेवर गोचीडरोधक तेल. पालापाचोळ्यावर बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेने जायचं नाही, आणि वनखात्याला कळवायचं. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागची त्वचा तपासायची आणि कपडे गरम पाण्यात टाकायचे. परत आल्यावर आठवड्याभरात एकदम जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना आधी हेच सांगा की या जंगलात जाऊन आलो आहोत. मुंबईत ताप आला की डेंगी-मलेरियाच तपासतात.

घाटपायथा
सफारीबद्दल एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाघाच्या हल्ल्यांत माणसं गेल्यानंतर बंडीपूर आणि नागरहोळेतल्या सफारी बंद केल्या होत्या. तेव्हा हॉटेलचे पैसे भरण्याआधी सफारी चालू आहे का ते वनखात्याकडूनच बघून घ्या, हॉटेलवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. कुट्ट्याला राहणार असाल तर नागरहोळेचं नाणच्ची फाटक जवळ. काबिनीकडचं दम्मनकट्टे फाटक दुसऱ्या टोकाला आहे, नकाशात एकच उद्यान दिसतं म्हणून तिकडची नोंदणी करू नका.

गणेशगुडीत सफारी नाही मिळाली तरी हळहळू नका. तिथे पहाटे पक्षी बघा. धनेशांचे थवे काळी नदीवरून जातात, पंखांचा आवाज आधी येतो.

ग्रीसगन
आता गाडी. निघायच्या पंधरा दिवस आधी काम करा, आदल्या दिवशी नको. नवा भाग बसवला तर दोनशे किलोमीटर मुंबईतच चालवून बघायला हवा.

ब्रेक ऑइल. हे हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ब्रेक दाबत राहिलात की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. पुढचे पॅड ४ मिलिमीटरच्या खाली असतील तर नवे टाका. हँडब्रेकची केबल ताणून घ्या, घाटात चढावर गाडी उभी करून परत काढायची वेळ दिवसातून अनेकदा येते.

उतरताना नियम एकच: ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. अणशीत दुसरा, तीव्र वळणाला पहिला. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, ठामपणे आणि थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचा. पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. जळका वास आला की सुरक्षित रुंद जागी थांबा, वीस मिनिटं थंड होऊ द्या. गरम चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. न्यूट्रलमध्ये उतार कधीही नाही.

चढताना आरपीएम २,५०० ते ३,००० ठेवा. १.२ चं इंजिन चौघं आणि सामान घेऊन कल्हट्टीत तिसऱ्या गिअरला धापा टाकेल. पहिला-दुसरा यातच वर जायचं, एसी बंद. आणि इथे सीएनजीवर चढू नका, पेट्रोलवर घ्या. सीएनजीवर ताकद कमी मिळते आणि हेअरपिन वळणात नेमकी तीच लागते. कळसा, कुट्टा, मसिनगुडी या पट्ट्यात सीएनजी धरूच नका, तो महामार्गापुरता ठेवा. सीएनजी टाकीच्या हायड्रोटेस्टची (दाबाच्या चाचणीची) मुदत तीन वर्षांची असते, पाटी तपासून घ्या. संपलेली असेल तर पंपावर भरत नाहीत.

टायरची खाच कायद्याने १.६ मिलिमीटर चालते. घाटात ३ च्या खाली नको. बाजूची भिंत फाटली तर ट्यूबलेसचं भोक बुजवायची वात काही कामाची नाही, म्हणून स्टेपनी चांगली हवी. तिच्यात हवा आहे का हे आत्ता उठून बघा. मागच्या बाकाखाली जॅक आणि पाना आहे का तेही. सीएनजीच्या गाडीत डिकी आधीच लहान, म्हणून कडक सूटकेसऐवजी मऊ बॅगा घ्या. स्टेपनी सामानाखाली पुरलेली नको.

मुलुंड_पूर्व
घाटात चालवायचा सराव दोघांनाही कमी आहे. आणि धुक्याचं काय?

ग्रीसगन
एखाद्या रविवारी पहाटे माळशेज चढून-उतरून या, दोघांनीही, चार माणसांचं वजन गाडीत ठेवून. रिकामी गाडी वेगळी वागते.

धुक्यात हेडलाइट खाली, फॉग लॅम्प चालू. अपर लावला तर उजेड थेंबांवर आपटून डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, वळायचं कुठे ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकट झाली तर एसी चालू, हवा काचेवर आणि बाहेरची हवा घेणारं बटण. आतलीच हवा फिरवत ठेवली तर चौघांच्या श्वासाने काच परत भरते.

शेकरू
हत्ती. बंडीपूर-मुदुमलाई पट्ट्यात दिसणारच. गाडी लांब थांबवा, पन्नासएक मीटर, इंजिन चालू, हॉर्न नाही, अपर मारणं नाही. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून उभे राहू नका, मागे यायला जागा लागते. कान पसरून डोकं वर केलं की तो तुम्हाला जोखतोय. पिल्लू असेल तर कळप रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेला असू शकतो. एक गेला म्हणून लगेच पुढे घुसू नका. खाली उतरणं, माकडांना खायला देणं यावर दंड आहे, आणि दंड नसता तरी करू नये: रस्त्याकडेला खायला मिळतं हे कळलेलं माकड पुढे गाडीखालीच येतं. वेग ३०-४०. चितळ एक ओलांडलं की मागे आणखी असतात.

दहिसर_नाका
टोलचं राहिलं. फास्टॅगचा वार्षिक पास, २०० फेऱ्या, खासगी गाडीला, ऑगस्ट २०२५ पासून; सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये होता. राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, तिथे पैसे नेहमीसारखे फास्टॅगमधून कापले जातात, म्हणून खात्यात शिल्लक ठेवा. एवढ्या फेरीत पास बराचसा वसूल होतो आणि उरलेला वर्षभर वापरता येतो.

कोणी भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी, काळी पाटी-पिवळी अक्षरं, नेणार असेल तर कर्नाटक आणि तमिळनाडूचा परवाना-कर भरला आहे याचा कागद मालकाकडून आधी घ्या. नाक्यावर तो तुमच्याकडे मागतात.

मुलुंड_पूर्व
नोंदणी या क्रमाने करतोय: आधी कुद्रेमुखचा परवाना बुधवारचा, मग काळी आणि नागरहोळे सफारी, त्यांच्या तारखा पक्क्या झाल्यावर मुक्काम, शेवटी ई-पास. कळशात दोन रात्री आहेत. पेट्रोल कुठे भरत जाऊ?

घाटपायथा
क्रम बरोबर. टाकी बेळगावला पूर्ण, मग कारवार, कारकळ, मडिकेरी, गुंडलुपेट. अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. कारकळ सोडताना कुद्रेमुखपर्यंत पंप मिळेल असं धरू नका. आणि सगळ्यांनी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. पण कळसा ते कोट्टिगेहारा या तुकड्यात नकाशा जवळचा म्हणून मळ्यांतले खासगी रस्ते दाखवतो, फाटक लावलेले असतात. तिथे एसटीसारख्या सरकारी बस ज्या रस्त्याने जातात तोच धरा.

सडावाघोली
बाळगलची जीप आदल्या संध्याकाळीच ठरवा, आणि परतीची वेळही तेव्हाच बोलून घ्या. खाली उतरल्यावर मुळ्ळोडीत रेंज नसते.